दार बंद करायचं बटण

४ फेब्रुवारी

"मला नका सांगू, कुठेतरी लिहून ठेवा," असं ही आज जेवताना म्हणाली, म्हणून ही वही काढली. नोकरीत होतो तेव्हा तपासलेल्या प्रत्येक लिफ्टबद्दल चार ओळी लिहायचो आणि वरिष्ठ त्या न वाचता सही करायचे. हे तर कोणी उघडूनही बघणार नाही. बरंच आहे.

झालं असं. काल सकाळी मी धाकट्याला, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाला, फोन केला आणि सिमेंट कंपनीचे सगळे शेअर विकून टाक म्हटलं. तो ब्रोकर आहे. त्याने धंदा सुरू केला तेव्हापासून माझे आणि हिचे पैसे तोच बघतो. "हो दादा, टाकतो," म्हणाला. आज विचारलं तर म्हणतो, "अरे, राहूनच गेलं की ते." माझ्या डोक्यात तिडीक गेली. ही काही पहिली वेळ नाही. मागच्या मंदीत मी सगळं विक म्हणून कानीकपाळी ओरडत होतो, तेव्हा एकदा त्याची लाइन गेली होती, एकदा त्याला ताप होता, एकदा ऑफिसातली मुलगी निरोप द्यायला विसरली होती. अशा वेळी मी फोन आपटतो आणि ही कपडे काढायला म्हणून मोबाइल घेऊन गॅलरीत निघून जाते. कपडे ओले असले तरी जाते. घरात माझं ऐकून घ्यायला कोणी नाही.

सिमेंटचा भाव आज कालच्यापेक्षा वर आहे, हे मी प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. पण तो मुद्दा नाही. मी सांगितलं आणि झालं नाही, हा मुद्दा आहे. आणि या न झालेल्या कामांवर त्याचं घर चालतं.

पैसे चिमीचे आहेत. कागदोपत्री निम्मे माझे, निम्मे हिचे, पण आहेत तिचे. चिमी आमची एकुलती एक. वय चौतीस, आणि समज सहा-सात वर्षांच्या मुलीची. आमच्या माघारी तिचं काय, या एका प्रश्नापायी आम्ही दोघं आयुष्यात कधी हौसेने कुठे गेलो नाही. टेकडीवर एक संस्था आहे, तिथे अशा माणसांना शेवटपर्यंत ठेवून घेतात आणि माणसासारखं वागवतात. आधी मोठी अनामत द्यायची आणि मग महिन्याचा खर्च. अनामत एका निम्म्यातून आणि महिन्याचा खर्च दुसऱ्या निम्म्यातून, असं मी कधीचं ठरवून ठेवलंय. जूनमध्ये तिथे एक खोली रिकामी होणार आहे. अशा पैशांच्या बाबतीत "राहूनच गेलं" मी ऐकून घेणार नाही.

९ फेब्रुवारी

इमारतीतल्या लोकांची सभा झाली. विषय लिफ्टचा, म्हणजे एक दिवस का होईना, मला मान. चौथ्या मजल्यावरचा दंतवैद्य तावातावाने म्हणाला की दार बंद करायचं बटण चालत नाही. मी म्हटलं, "चालायला ते कशाला जोडलेलं तर हवं ना." सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

आमच्या कामातली ही जुनी गंमत आहे. कितीतरी लिफ्टमध्ये ते बटण नुसतं बसवलेलं असतं, मागे तारच नसते. दार आपल्या वेळेनेच मिटतं. पण माणूस घाईत असतो, त्याच्या हाताला काहीतरी लागतं. बटण दाबलं की त्याला वाटतं आपण काहीतरी केलं आणि तो गप्प उभा राहतो. बटण काढून टाका, तो सरळ दाराला हात घालतो आणि दार तरी मोडतं नाहीतर बोट. धाकट्याला हे मी फार पूर्वी सांगितलं होतं. तो पोट धरून हसला होता आणि पुढे कित्येक दिवस लिफ्टमध्ये शिरला की ते बटण दाबून माझ्याकडे बघून डोळा मारायचा. चिमीचा तर त्या बटणावर भारी जीव. ती दाबते, दार मिटतं, मी "शाब्बास" म्हणतो आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत ती खुशीत असते.

सभेनंतर दंतवैद्याने मला त्याच्या घरी नेलं आणि मोबाइलवर ॲप दाखवलं. "ब्रोकरबिकर कशाला हवा, काका? हे बघा." त्याने माझ्यादेखत एक शेअर विकला. बटण दाबलं आणि चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत विकला गेला. दलाली जवळजवळ नाहीच. कोणाला ताप नाही, कोणाची लाइन जात नाही. बटण दाबलं की लिफ्ट आलीच पाहिजे, एवढ्या एका गोष्टीसाठी मी जन्मभर लोकांशी भांडलो. या यंत्राशी माझं पटेल.

१५ फेब्रुवारी

धाकट्याच्या ऑफिसात जाऊन आलो. चष्म्याच्या दुकानावरची एक खोली. दोन खुर्च्या, त्यातली गिऱ्हाइकाची कुरकुरते. पडद्यावर आकडे पळत होते आणि तो त्यांच्याकडे पाठ करून डबा खात होता. मी खातं हलवणार असं सांगितलं.

आधी तो हसला. मग त्याला कळलं की मी गंमत करत नाहीये.

"दादा, दलालीचं म्हणत असशील तर कमी करतो."

"दलालीचंच नाही. तो फंड आठवतोय? डोळे मिटून घे म्हणालास. मी घेतला. त्यावर तुला कंपनीने परदेशात फिरवून आणलं आणि माझे पैसे होते तिथेच कुजले."

खरं होतं. तो डब्याचं झाकण लावत राहिला. ते बसत नव्हतं.

"सगळंच नेणार?" त्याने विचारलं.

"सगळं."

"चिमीचं आहे रे ते."

"म्हणूनच नेतोय."

तो तोंड उघडून काहीतरी सांगणार होता. मग त्याने चेहरा दगडासारखा केला, कागद पुढे ओढले आणि दाखवलं तिथे तिथे सह्या केल्या. "जा," एवढंच म्हणाला. भाऊ ना हा? एकदा थांब म्हणाला नाही. गिऱ्हाईक गेल्याचं दुःख, दुसरं काय. मी जिना उतरून खाली आलो आणि दुकानात लटकवलेल्या चष्म्यांकडे उगाचच बघत उभा राहिलो. बरं वाटत होतं असं लिहिणार होतो, पण तसं काही वाटत नव्हतं.

२० फेब्रुवारी

हिने दगा दिला. तिचा हिस्सा हलवायला तिची सही लागते. चार दिवस "करते, ठेवा तिथे" चाललं होतं. आज खनपटीला बसलो तेव्हा म्हणाली, "माझं राहू द्या भावजींकडे."

"का म्हणून?"

"असू दे. एवढं तरी धरून राहू दे."

नातं जपायला पैसे ठेवतात होय? मी वाट्टेल ते बोललो. तिने ऐकून घेतलं, चिमीचे केस विंचरत राहिली, पण सही काही केली नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांत ही कधी माझ्या शब्दाबाहेर गेली नव्हती. गेली ती नेमकी त्याच्या बाजूने गेली.

६ मार्च

माझा हिस्सा आला. सकाळी ॲप उघडलं आणि एकेक कंपनी माझ्या नावापुढे रांगेने उभी होती. मधे कोणी नाही. परीक्षा म्हणून सिमेंटचे थोडे शेअर विकले. गेले. परत घेतले. आले. मी चिमीला हाक मारून दाखवलं, तिने टाळ्या वाजवल्या.

ही मागे येऊन उभी होती. म्हणाली, "मलाही शिकवा ना हे."

"तुला कशाला? तुझं आहे की तुझ्या भावजींकडे."

"त्यात थांबायची काही सोय असते का? म्हणजे आज सांगितलं आणि उद्या झालं, असं?"

मला हसू आवरेना. ज्या दुखण्यातून बाहेर पडलो तेच ही औषध म्हणून मागत होती. बायकांना व्यवहारातलं कळत नाही असं मी म्हणत नाही, पण हिला खरोखरच कळत नाही. पासवर्ड विचारत होती. दिला नाही.

२१ मार्च

सध्या बाजार उघडला की मी खुर्चीत असतो आणि बंद झाला की उठतो. नोकरी परत लागल्यासारखं वाटतंय. आज काही विकलं, काही घेतलं, पुन्हा विकलं. एकूण फार काही हाती लागलं नाही, पण दलाली वाचली. ही दोनदा जेवायला बोलावून गेली आणि तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवून निघून गेली. संस्थेच्या बाईंचा फोन आला होता, जूनची खोली आमच्यासाठी राखून ठेवलीय म्हणाल्या. चिमीला खोलीच्या खिडकीतून गाई दिसतील. हे तिला सांगितल्यापासून ती दिवसभर गाई मोजतेय, नसलेल्या.

३ एप्रिल

बाजार पडतोय. कुठे दोन देशांचं बिनसलंय म्हणे. त्यांचं बिनसलं की माझे शेअर आपटतात, हा कुठला न्याय? दंतवैद्य म्हणतो, "काका, अजून पडणार. शहाण्याने आत्ताच बाहेर पडावं."

७ एप्रिल

सगळा पडदा लाल. जेवण गेलं नाही. हिला म्हटलं तर म्हणाली, "अहो, मागेही पडला होता, वर आलाच की." तेव्हा आपण विकू शकलो नव्हतो, कारण धाकट्याला ताप होता, हे मी तिला सुनावलं. ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात चिमीने दुधाचा पेला पाडला.

९ एप्रिल

आज चिमीला घेऊन ही संस्थेत गेली. दिवसभर तिथे राहून बघायचं, असं बाईंनी सुचवलं होतं. निघताना ही दारात घुटमळली. "आज तुम्ही पण चला ना," म्हणाली. मी म्हटलं, बाजार सोडून? "मग मी आल्याशिवाय काही करू नका." मी हो म्हटलं. लहान मुलाला सांगावं तसं मला सांगून गेली.

बाजार उघडला तो खड्ड्यातच. बघता बघता आणखी खाली. डोळ्यांसमोर चिमी दिसायला लागली, आम्ही दोघं नाही आणि ती कुठल्याशा सरकारी वॉर्डातल्या खाटेवर गाई मोजत बसलीय. मी सगळं विकलं. एकेक कंपनी, वरपासून खालपर्यंत. प्रत्येक वेळी ॲपने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. हा प्रश्न विचारणारं यंत्र तरी आज्ञेत असतं.

आणि खरं लिहायचं तर काय बरं वाटलं. छातीवरचा दगड उतरला. काल झाकून ठेवलेलं अन्न गरम करून पोटभर जेवलो आणि गाढ झोपलो.

संध्याकाळी त्या दोघी आल्या. चिमी खूश होती, गाय चाटली म्हणून हात दाखवत होती. मी हिला सांगितलं. ही खांद्यावरची पिशवी न काढताच खुर्चीत बसली.

"सगळं?"

"सगळं. आता पडू दे काय पडायचं ते."

"आजच? उद्यापर्यंत तरी..." म्हणाली. तशीच बसली होती, चिमीचा चाटलेला हात हातात धरून. मला वाटलं, दमली असेल.

११ एप्रिल

बाजार वर गेला. पुष्कळच. हे खोटं चढणं आहे. परत पडेल, तेव्हा स्वस्तात सगळं उचलतो.

२९ एप्रिल

पडला नाही.

८ मे

लिफ्टमध्ये दंतवैद्य भेटला. "काय काका, आता मजा आहे, सगळं भरून निघालं." मी विचारलं, तुम्ही तर बाहेर पडला होतात ना. तर म्हणतो, "छे हो, मी कुठला. दवाखान्यात इतकी गर्दी होती, मोबाइल बघायलाच फुरसत झाली नाही." मी आकडे बघत उभा राहिलो, दोन, तीन. माझा मजला आला तरी तो हसतच होता.

१९ मे

जिथे विकलं त्याच्या कितीतरी वर आता भाव आहेत. त्या भावाला परत घ्यायचं धाडस होत नाही, न घेण्याचंही होत नाही. पैसे नुसते पडून आहेत, जेवढे आहेत तेवढे. महिन्याचा खर्च त्यातून निघतो, पण थोडीच वर्षं. मग नाही. चिमीची तब्येत ठणठणीत आहे, ती माझ्याएवढी होईपर्यंत जगेल असं डॉक्टर म्हणतात. इतरांच्या घरी ही आनंदाची बातमी असते.

मला वाटतं धाकट्याची हाय लागली.

१ जून

धाकटा आला होता. हिनेच बोलावलं. अनामत भरायची तर हिचे शेअर विकावे लागणार, त्याचं बोलायला. हिचा हिस्सा जसाच्या तसा आहे, उलट फुगलाय. त्याला बघूनच माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "ये. बघायला आलास? तुझी दलाली बुडवली, त्याचं फळ मिळालं मला. झालं समाधान?"

तो शांतपणे बसला होता, पण दलालीचं काढल्यावर त्याचाही तोल गेला. "दलाली? तू घाबरून दिलेल्या सगळ्या ऑर्डरी मी टाकल्या असत्या ना, दादा, तर मला चौपट दलाली मिळाली असती. विकताना एकदा, परत घेताना एकदा. माझं नुकसान करून बसत होतो मी तुझ्या ऑर्डरींवर."

"बसत होतास?"

"मग काय, मला दर मंदीत बरोबर तापच यायचा?"

तो हिच्याकडे बघायला लागला. ही खाली मान घालून चिमीच्या कपड्यांना खुणेसाठी तिचं नाव शिवत होती, संस्थेत तसं लागतं.

"वहिनींचा फोन यायचा," तो म्हणाला. "तू फोन ठेवलास की पाठोपाठ. गॅलरीतून. 'भावजी, आज काही करू नका, उद्या ते शांत होतील.' आणि व्हायचास तू. दरवेळी. तुझंच बटण रे ते, दादा. तूच सांगितलं होतंस मला. दाबायचं, पण मागे तार नाही."

मी हिला विचारलं, "आणि मला सांगितलं नाहीस?"

तिने दोरा तोडला. "सांगितलं असतं तर तुम्ही दुसरीकडे जाऊन दाबलं असतं. विकायला सांगितलं की तुम्ही जेवायचात, झोपायचात. मला तेवढंच हवं होतं."

"मग खातं हलवताना तरी तोंड उघडायचं."

"उघडणार होते. तोपर्यंत तुम्ही भावजींना चोर ठरवून आला होतात. त्यात हे सांगितलं असतं तर मी पण चोर झाले असते. माझं तेवढं मागे ठेवलं. बाकी मला काय करता येत होतं?"

मी धाकट्याकडे वळलो. "तू? त्या दिवशी तू सांगणार होतास."

"हो," तो म्हणाला. "राग आला होता. तो फंड मी तुझ्या गळ्यात मारला, ते खरंच आहे. पण तू सगळंच घेऊन निघालास. म्हटलं, जा. कळेल." मग म्हणाला, "चिमीचं आहे हे माहीत असून म्हटलं मी तसं. ते काही माझ्या मनातून जात नाही."

मी दोघांनाही माफ केलेलं नाही. लिहून ठेवतो म्हणजे उद्या शांत झाल्यावर विसरणार नाही. इतकी वर्षं मी घरातला कर्ता म्हणून मिरवत होतो, हुकूम सोडत होतो, फोन आपटत होतो, आणि हे दोघं माझ्या पाठीमागे एकमेकांना सांगत होते, दाबू दे त्याला. या घरात दोन चिमी होत्या. एकीला सगळ्यांसमोर सांभाळलं, दुसऱ्याला चोरून.

४ जून

अनामत भरली, हिच्या हिश्शातून. महिन्याच्या खर्चाला माझा हिस्सा पुरणार नाही, हे आता घरात सगळ्यांना माहीत आहे, चिमी सोडून. हिने शिकवण्या सुरू करायचं ठरवलंय. मी एका लिफ्टवाल्या कंपनीत विचारून आलो, या वयात जिने चढायला लावतील, लावू दे. ही रात्रीची भांडी घासता घासता सहज म्हणाली, "आता आपल्याला लवकर मरून चालायचं नाही हं." ती गंमत करत होती. मला हसायला जमलं नाही.

१५ जून

चिमीला संस्थेत सोडून आलो.

तिची बॅग मी घेतली होती, ही आधीच खाली जाऊन रिक्षा थांबवत होती. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. चिमीने सवयीने बटणाकडे हात नेला आणि मधेच थांबली. माझ्या तोंडाकडे बघितलं. ती असं कधी बघत नाही. मी रडत नव्हतो, निदान मला तसं वाटत नव्हतं.

"बाबा, आज तुम्ही दाबा," ती म्हणाली.

मी दाबलं. दार थोडा वेळ उघडंच राहिलं, मग आपल्या वेळेने मिटलं.

चिमीने माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "शाब्बास."